वहीत नोंदलेली नऊ हजार चित्रं

१९११च्या फेब्रुवारीत म्युनिकमधल्या एका घरात एकतीस वर्षांच्या एका माणसानं वही उघडली आणि आपण आजवर काढलेल्या चित्रांची यादी करायला घेतली. साल, त्या सालातला अनुक्रमांक, चित्राचं नाव, माध्यम. चित्रकार म्हणून त्याला तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. चित्रं क्वचितच विकली जायची. बायको लिली पियानोच्या शिकवण्या घ्यायची, त्यावर घर चालायचं. हा स्वयंपाक करायचा, तीन वर्षांच्या फेलिक्सला सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचा. अशा माणसाला आपल्या चित्रांची पद्धतशीर नोंद ठेवावीशी वाटावी हेच नवल. त्याहून नवल यादीच्या सुरुवातीचं. अगदी लहानपणी, शाळेत जायच्याही आधी काढलेली काही चित्रं त्यानं तिच्यात घेतली, आणि कलाशाळेत केलेला अभ्यास मात्र बराचसा बाहेर ठेवला!

हा माणूस म्हणजे पॉल क्ले. ती वही त्यानं १९४०पर्यंत, म्हणजे जवळजवळ मरेपर्यंत चालू ठेवली. नोंदी नऊ हजारांच्या पुढं गेल्या. नुसती नोंद करून तो थांबत नसे. कागदावरचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचं, खाली रेघ आखायची, रेघेखाली साल, क्रमांक आणि नाव लिहायचं. काही चित्रं ‘खास वर्गा’त टाकायची, म्हणजे ती विकायची नाहीत. कधी पूर्ण झालेलं चित्र कात्रीनं कापून त्याची दोन चित्रं करायची आणि दोघांना वेगळे क्रमांक द्यायचे.

क्लेला ‘लहान मुलासारखी चित्रं काढणारा’ म्हणून मोकळं व्हायची जुनी सवय आहे. मला ही स्तुती आळशी वाटते. लहान मूल चित्र काढतं आणि विसरून जातं. हा विसरत नव्हता. रेषेला हवं तिकडं जाऊ द्यायचं आणि ती कुठून कशी गेली याचा हिशेबही ठेवायचा, या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा नांदल्या, हे क्लेचं खरं कोडं आहे.

क्लेचा जन्म १८ डिसेंबर १८७९चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराजवळच्या म्युन्शेनबुखझे या गावचा. आई इडा स्विस, गायिका. वडील हान्स जर्मन, शिक्षकांच्या विद्यालयात संगीत शिकवायचे. तिथल्या त्या वेळच्या कायद्यानं मुलाला नागरिकत्व वडिलांचं मिळायचं. त्यामुळं बर्नमध्ये वाढलेला, तिथली बोली बोलणारा हा मुलगा कागदोपत्री जर्मन ठरला. हा तपशील लक्षात असू द्या, तो पुढं त्याला फार महागात पडणार आहे.

सातव्या वर्षी हातात व्हायोलिन आलं आणि अकराव्या वर्षी तो बर्नच्या वाद्यवृंदात मोठ्यांबरोबर वाजवू लागला. घरच्यांना तो संगीतातच जाईल असं वाटत असणार. पण १८९८ साली तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. आधी क्निर यांच्या खासगी वर्गात, मग अकादमीत फ्रान्झ फॉन श्टुक यांच्याकडं. नंतर इटलीत काही महिने हिंडला आणि बर्नला परतून धातूच्या पत्र्यावर कोरून छापायची चित्रं करू लागला. त्यातलं १९०३चं एक पाहण्यासारखं आहे. दोन पुरुष समोरासमोर येतात. समोरचा आपल्याहून वरच्या हुद्द्याचा आहे अशी दोघांचीही समजूत, म्हणून दोघं एकमेकांपुढं कमरेतून वाकले आहेत. पण दोघंही नागडे! अंगावर गणवेश नाही, बिल्ले नाहीत, मग हुद्दा ओळखायचा कशावरून? विनोद बोचरा आहे, पण रेषा अजून अकादमीतून सुटलेली नाही. एकेक स्नायू घोटून काढलेला आहे.

रंग आला तो उशिरा. एप्रिल १९१४मध्ये आउगुस्ट माके आणि लुई म्वायये या दोन चित्रकार मित्रांबरोबर क्ले ट्युनिशियाला गेला. वय चौतीस. मुक्काम दोन आठवड्यांचाही नव्हता. ट्युनिस, हमामेत आणि शेवटी कैरवान. तिथली पांढरी चौकोनी घरं, घुमट, वाळू आणि ऊन पाहताना त्याला उमगलं की रंगाच्या मागं आता धावायला नको, रंगानंच आपल्याला धरलं आहे. रोजनिशीत त्यानं या अर्थाची नोंद केली आणि आपण चित्रकार आहोत असा निर्वाळाही स्वतःला देऊन टाकला. ही रोजनिशी त्यानं पुढं स्वतःच सुधारून नव्यानं लिहून काढली, तेव्हा तो क्षण थोडा घासूनपुसून घेतलेला असणार. पण चित्रं खोटं बोलत नाहीत. त्या प्रवासापासून त्याच्या जलरंगांत चौकोनाला चौकोन लागून बसू लागला. घर कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं हे सांगायची गरज संपली.

पाच महिन्यांत माके युद्धात मारला गेला. मार्च १९१६मध्ये व्हर्दंजवळ फ्रान्झ मार्क गेला. कान्डिन्स्की आणि मार्क या चित्रकारांच्या ‘निळा घोडेस्वार’ या गटाबरोबर क्लेनं चित्रं मांडली होती. मार्क त्याचा जिवलग. आठवडाभरात क्ले स्वतः भरती झाला. जर्मन सैन्यातच, कारण कागदोपत्री तो जर्मन. आघाडीवर जायची वेळ मात्र आली नाही. विमानतळावर विमानांना रंग दे, त्यांच्यावर आकडे रंगव, पुढं वैमानिकांच्या शाळेत पगारवाटपाची कारकुनी कर, अशी कामं वाट्याला आली. पडलेल्या विमानांच्या पंखांचं लिननचं कापड तो मागून घ्यायचा आणि त्यावर चित्रं काढायचा. वहीत त्यांनाही क्रमांक मिळाले.

आता आपण त्याच्या वर्गात जाऊ. वॉल्टर ग्रोपियसनं वायमारला ‘बाउहाउस’ ही कला आणि कारागिरी एकत्र शिकवणारी शाळा काढली होती. १९२१च्या जानेवारीत क्ले तिथं शिकवू लागला आणि पुढची दहा वर्षं तिथंच राहिला, आधी वायमार, मग देसाउ. समोर तरुण मुलं बसलेली. आजवर आपण जे हाताला सुचेल तसं केलं ते यांना सांगायचं कसं? या पेचातून त्यानं आपल्याच रेषेची चौकशी सुरू केली. ती वाचताना मी अजूनही थक्क होते.

तुम्हीही करून पाहा. कागदावर पेन्सिल टेकवा. हा बिंदू. पेन्सिल हलवा, बिंदू चालू लागला, रेषा झाली. तिला कुठं पोचायचं नाही, घाई नाही, हवी तशी वळते. ही पहिली रेषा, स्वतः काम करणारी. आता कागदावर चार ठिपके द्या आणि पेन्सिल त्यांच्यावरून न्या. रेषा चालतेच आहे, पण आता तिला ठरलेल्या थांब्यांवर पोचायचं आहे, लगेच ती ताठ होते. पुढं तिला गोल फिरवून जिथून निघाली तिथं आणून मिळवा. काढत असताना तुम्ही रेषा पाहत होता, मिळाल्याबरोबर तुम्हाला वर्तुळ दिसू लागलं, आतली जागा दिसू लागली. रेषा होती तिथंच आहे, पण तिचं काम संपलं. आणि शेवटी ब्रशनं रंगाचा एक डाग पसरू द्या. त्याच्या कडेला रेषा दिसते. ती कुणी काढलेलीच नाही, डाग पसरला म्हणून ती झाली. काम रंगानं केलं, रेषा नुसती घडली.

किती साधं! पण हे एकदा कळलं की कोणत्याही चित्रात नेमकं काम कोण करतंय हे शोधायची खोड लागते. १९२५मध्ये त्याची शिकवणीवरची छोटी पुस्तिका निघाली, तिची सुरुवातच इथून आहे. पान दाखवून तो मुलांना विचारायचा, या पानाला हा आकार का? शिरा जिथवर जोर लावतात तिथवर पान पसरतं. म्हणजे आकार बाहेरून कापलेला नाही, आतून वाढत आलेला आहे. बाखच्या एका रचनेतला छोटा तुकडा घेऊन त्यानं कोणता सूर कधी चढतो, कोणता किती वेळ थांबतो याचा आलेखच काढला. घरी तो रोज व्हायोलिन वाजवायचा, मुख्यतः बाख आणि मोझार्ट. संगीतात आवाज एकमेकांवरून जातात तसे रंग एकमेकांवरून नेता येतील का, हे तो पातळ जलरंगांचे थरावर थर देऊन पाहायचा. १९२१च्या एका चित्राचं नावच ‘लाल रंगातला फ्यूग’ आहे; फ्यूग म्हणजे आवाजांवरून आवाज नेणारी अशीच एक संगीतरचना.

आता एक हातचलाखी. क्लेच्या १९२०च्या आसपासच्या चित्रांत रेषा काहीशी खरखरीत, केसाळ दिसते आणि आजूबाजूला काळपट डाग असतात. पाहणाऱ्याला वाटतं, शाई फुटली. शाई फुटलेली नाही. तो एका कागदाला काळा तैलरंग फासायचा, रंग थोडा सुकू द्यायचा आणि रंगाची बाजू खाली करून तो कोऱ्या कागदावर ठेवायचा. त्यावर आपलं आधीचं रेखाटन ठेवून सुईनं रेषा गिरवायचा. पावतीपुस्तकातल्या कार्बन पेपरासारखीच ही युक्ती. खाली रेषा उमटते आणि हाताचा तळवा जिथं टेकला तिथं डागही उमटतो. मग त्यावर जलरंग. तैलरंगाच्या रेषेवर पाणी धरत नाही, त्यामुळं ती रंगाखालून स्वच्छ दिसत राहते. रेखाटन त्याच्या हातचं, पण चित्रातली रेषा त्यानं थेट काढलेली नाही, आणि डाग तर अपघाताचे. ते पुसून टाकावेत असं त्याला कधी वाटलं नाही.

याच पद्धतीनं झालेलं एक चित्र म्हणजे १९२० सालचा क्रमांक ३२, ‘आंगेलुस नोवुस’, नवा देवदूत. जेमतेम ३२ सेंटिमीटर उंच. मोठं डोकं, गुंडाळलेल्या कागदांसारखे केस, दात दिसणारं तोंड, वर उचललेले हात की पंख ते कळत नाही. १९२१मध्ये वॉल्टर बेन्यामिन या तरुण जर्मन विचारवंतानं ते हजार मार्कांना विकत घेतलं आणि अखेरपर्यंत जपलं. १९४०मध्ये त्यानं इतिहासावर काही टिपणं लिहिली. त्यात हा देवदूत भूतकाळाकडं तोंड करून उभा आहे, समोर पडझडीचा ढीग वाढतोय आणि वादळ त्याला पाठमोराच भविष्याकडं ढकलतंय. त्याच वर्षी नाझींपासून पळताना बेन्यामिननं फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर जीव दिला. चित्र त्याच्या कागदपत्रांबरोबर मागं राहिलं. मित्रांच्या हातून हातात जात ते अखेर १९८७मध्ये जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये पोचलं.

पण खरी चकित करणारी गोष्ट २०१५ची आहे. चित्राच्या कडेला मागच्या कागदावरचा जुना छाप डोकावत होता, वर्षानुवर्षं अनेकांनी तो पाहिलाही असेल. आर. एच. क्वेटमन या अमेरिकी चित्रकर्तीनं त्याचा पिच्छा पुरवला आणि शोधून काढलं की क्लेनं आपला देवदूत एकोणिसाव्या शतकातल्या एका छापील चित्रावर चिकटवला आहे. ते चित्र आहे धर्मसुधारक मार्टिन ल्युथरचं! पुठ्ठा हाताशी होता म्हणून की मुद्दाम? क्लेच्या बाबतीत ‘मुद्दाम’ या उत्तराकडं माझा कल आहे. ज्यानं प्रत्येक कागदाचा हिशेब ठेवला, त्याला खाली कोण झाकलं जातंय हे ठाऊक नसेल हे पटत नाही.

पुन्हा बाउहाउसच्या काळाकडं येऊ. जर्मनीबाहेर क्ले थोड्यांनाच माहीत होता, तेव्हाच त्याची चित्रं भारतात येऊन गेली. डिसेंबर १९२२मध्ये कोलकात्याच्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या चित्रकारांचं काम मांडलं गेलं. त्यामागं शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या कलाइतिहासकार स्टेला क्रामरिश होत्या.

आणि त्या काळात घरी काय चाललं होतं? फेलिक्ससाठी बाप बाहुल्यांच्या खेळातली पात्रं करत होता. हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, सुमारे पन्नास. काड्यापेट्या, हाडं, प्लास्टर, जुन्या कपड्यांच्या चिंध्या, विजेच्या सामानातले तुकडे, जे सापडेल ते. एक बाहुली खुद्द बापाची, मोठ्या डोळ्यांची. नऊ हजार नोंदींच्या वहीत या बाहुल्यांना त्यानं जागा दिली नाही. ते काम पोराचं होतं, जगाचं नव्हतं.

१९३१मध्ये तो ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत गेला. १९३३मध्ये हिटलर आला. मार्चमध्ये देसाउच्या घराची झडती झाली, एप्रिलमध्ये नोकरीवरून दूर केलं. त्या वर्षीच्या एका चित्राचं नाव ‘यादीतून वगळलेला’. एक चेहरा, आणि डोक्यावर काळी जाड फुली. आयुष्यभर स्वतः यादी करणाऱ्या माणसानं हे नाव किती जाणून दिलं असेल! डिसेंबरात तो बायकोसह बर्नला परतला. १९३७मध्ये जर्मन संग्रहालयांतून त्याची १०२ चित्रं जप्त झाली आणि म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ या कुप्रसिद्ध प्रदर्शनात त्यातली १७ टिंगलीसाठी टांगली गेली.

दरम्यान १९३५पासून तो आजारी होता. कातडी आणि आतले अवयव हळूहळू कडक होत जाणारा हा आजार, स्क्लेरोडर्मा. त्याचं नाव तो गेल्यानंतरच पुढं आलं. घास गिळणं अवघड झालं. आता वहीतले आकडे पाहा. १९३६ : फक्त २५ चित्रं. १९३७ : २६४. १९३८ : ४८९. १९३९ : १२५३. हा शेवटचा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला आहे. साठीच्या उंबरठ्यावरचा, गिळता न येणारा माणूस दिवसाला सरासरी तीनहून जास्त चित्रं करत होता.

याच काळात त्याच्या रेषा जाड, काळ्या, तुटक झाल्या. हात आखडला म्हणून, असं सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. १९३९मध्येच त्यानं पेन्सिलच्या बारीक, अखंड रेषेत देवदूतांची मालिका काढली आहे. विसराळू देवदूत, हात एकमेकांत घेऊन खाली पाहणारा, त्यातलाच. हात बारीक रेषा काढू शकत होता. जाड रेषा त्याला हवी होती. १९३८चं ‘इन्सुला दुलकामारा’ पाहा, गोणपाटावर वर्तमानपत्र चिकटवून केलेलं, पावणेदोन मीटर रुंद. फिकट गुलाबी-हिरव्यावर काळ्या खुणा कुठल्याशा न वाचता येणाऱ्या लिपीसारख्या पसरल्या आहेत. १९३२चं ‘आद पार्नासुम’ तंत्राच्या दृष्टीनं त्याचं सर्वांत कौशल्याचं काम असेल, हजारो ठिपके आणि वर नारिंगी सूर्य. पण मला निवडायला सांगितलं तर मी गोणपाट निवडेन.

१९४०ची नोंद ३६६ला थांबते. ते लीप वर्ष होतं, म्हणजे ३६६ दिवसांचं. योगायोग की हिशेब, तुम्हीच ठरवा. मे महिन्यात तो उपचारासाठी दक्षिणेला गेला.

आणि आता तो नागरिकत्वाचा तपशील. बर्नमध्ये वाढूनही क्ले परदेशी होता. सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता. एप्रिल १९३९मध्ये त्यानं तो केला. मग चौकशा झाल्या, जबाब झाले. पोलिसांच्या अहवालात त्याच्या चित्रांवरही ताशेरे होते. बर्न शहराच्या परिषदेपुढं अर्ज ५ जुलै १९४० रोजी यायचा होता. २९ जूनला लोकार्नोजवळच्या मुराल्तोत क्ले वारला. सहा दिवस आधी. आज ज्याला स्वित्झर्लंड आपला सर्वांत मोठा आधुनिक चित्रकार म्हणून मिरवतं, तो कायद्यानं कधीच स्विस झाला नाही.

त्यापुढचा फेरा आणखी विचित्र. १९४६च्या करारानुसार स्वित्झर्लंडमधली जर्मनांची मालमत्ता विकून टाकायची होती, आणि लिलीही जर्मनच. हजारो चित्रं लिलावात उधळली गेली असती. बर्नच्या काही संग्राहकांनी, लिलीच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, सगळा ठेवा विकत घेऊन वाचवला. तोच पुढं क्लेच्या नावाच्या संग्रहालयाचा गाभा झाला. २००५मध्ये उघडलेली, लाटांसारख्या तीन छतांची त्याची इमारत वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी रचली. तिथं क्लेची सुमारे चार हजार चित्रं आहेत. त्याची कबरही जवळच्याच दफनभूमीत आहे.

आपल्याकडं त्याला सर्वांत लक्ष देऊन पाहिलं ते चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८मध्ये बाहेर पडलेले गायतोंडे सुरुवातीच्या काळात क्लेच्या रेषेनं आणि रंगानं भारावले होते. त्यांची १९५०च्या दशकाच्या आरंभीची चित्रं पाहिली की ते ओळखू येतं. पुढं त्यांनी रेषा पूर्ण सोडली आणि रंगाचा थरच काम करू दिला. म्हणजे क्लेच्या शिकवणीतली शेवटची रेषा, न काढता घडणारी, ती तेवढी ठेवली, असं मला वाटतं.

कागदावरची ही चित्रं उजेडानं फिकी पडतात, म्हणून बर्नमध्येही एका वेळी थोडीच भिंतीवर असतात. पण क्लेच्या वर्गातल्या टिपणांची सुमारे ३९०० पानं त्या संग्रहालयानं इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत. मजकूर जर्मनमध्ये आहे, पण पानोपानी आकृत्या आहेत आणि त्यांना भाषा लागत नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी, आणि ज्यांनी शाळेनंतर पेन्सिल धरलेलीच नाही त्यांनी तर नक्कीच, ती एकदा उघडावीत.